विम्बल्डन संपल्यावरचं टेनिस: इंग्लंडचा काउंटी वीक आणि त्यात उतरणारे व्यावसायिक खेळाडू

गवतावरचा

काउंटी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर क्रिकेटच येतं. 1992 साली सचिन यॉर्कशरकडून खेळला, यॉर्कशरचा पहिला परदेशी खेळाडू म्हणून. 2019 मध्ये रहाणेने हॅम्पशरसाठी पहिल्याच सामन्यात शतक ठोकलं. पण टेनिसमध्येही काउंट्या एकमेकींशी भिडतात, आणि पुरुषांची ही स्पर्धा 1895 पासून चालू आहे, हे आपल्याकडे रात्र जागवून ग्रँड स्लॅम बघणाऱ्यांच्याही कानावर आलेलं नसतं. ससेक्समध्ये राहायला आल्यापासून दर उन्हाळ्यात मी ही स्पर्धा बघतो. विम्बल्डनचा धागा आता थंडावलाय, म्हणून हा नवा.

अधिकृत नाव समर काउंटी कप, पण खेळणारे सगळे 'काउंटी वीक'च म्हणतात. विम्बल्डन आटोपलं की जुलैमध्ये सोमवार ते शुक्रवार, पाच दिवस. काउंट्यांचे सात गट केलेले असतात, पुरुषांचे वेगळे आणि बायकांचे वेगळे. प्रत्येक गटाचा मुक्काम वेगळ्या गावी. पहिला गट ईस्टबोर्नला, डेव्हनशर पार्कच्या गवतावर. जूनच्या शेवटी टूरवरचे, म्हणजे जगभरच्या व्यावसायिक स्पर्धांत फिरणारे खेळाडू विम्बल्डनच्या आधी जिथे हात साफ करून जातात, तेच हे ठिकाण. गटात सहा काउंट्या, रोज एकीशी गाठ. आठवड्याअखेर तळाच्या दोन खालच्या गटात जातात आणि खालच्या गटातल्या वरच्या दोन त्यांच्या जागी येतात.

आता खरी गंमत. इथे एकेरी नाहीच, सगळी दुहेरी. प्रत्येक काउंटीच्या तीन जोड्या, आणि तुमची प्रत्येक जोडी समोरच्या तिन्ही जोड्यांशी खेळते. तीन त्रिक नऊ रबर, म्हणजे सामने; पाच जिंकले की टाय, म्हणजे दोन काउंट्यांची त्या दिवसाची लढत, तुमची. म्हणजे एका खेळाडूला दिवसात तीन सामने आणि आठवड्याचे पंधरा. टूरवरचा दुहेरीवाला दिवसाला साधारण एकच सामना खेळतो. तिथे ड्यूसला (40-40 ला) एकच निर्णायक गुण असतो आणि तिसऱ्या सेटऐवजी दहा गुणांचा टायब्रेक, म्हणजे दीड तासात माणूस मोकळा. ईस्टबोर्नला बुधवारी दुपारी हेच लोक जिने उतरताना कठडा धरून उतरतात.

पहिल्या गटात व्यावसायिक खेळाडू चिक्कार असतात. काहींचं जागतिक क्रमवारीत तिनशे-चारशेच्या आसपास नाव असतं, काही नुसते दुहेरीचे, काही नुकतेच टूर सोडून कोचिंगला लागलेले, काही अमेरिकेतल्या कॉलेजातून सुट्टीला घरी आलेले. बक्षिसाची रक्कम शून्य. एटीपीचे, म्हणजे जागतिक क्रमवारीचे, गुण शून्य. तरी येतात.

आणि इतकं करूनही त्यांना एकट्याने टाय जिंकून देता येत नाही. तुमच्याकडे अगदी ग्रँड स्लॅम जिंकलेली जोडी असली तरी ती नऊपैकी तीनच रबर देणार. उरलेले दोन दुसऱ्या-तिसऱ्या जोडीलाच आणावे लागतात. तिथे बहुतेक वेळा एखादा क्लबचा कोच असतो, नाहीतर नोकरीतून आठवड्याची रजा काढून आलेला कोणीतरी. माझं म्हणणं एवढंच, की काउंटी वीकमध्ये कोण वर जाणार नि कोण खाली हे तिसरी जोडी ठरवते. बघायचं असेल तर पहिल्या जोडीचं कोर्ट सोडा आणि कोपऱ्यातल्या कोर्टापाशी जाऊन बसा.

मागे एका टायमध्ये चार-चार झाले होते आणि शेवटचा रबर बरोबर तिसऱ्या जोडीचा. एकाच्या गुडघ्याला पट्टा. त्याचा जोडीदार कॉलेजचा पोरगा, सर्व्ह भन्नाट पण दुसरी सर्व्ह करताना हात आखडायचा. पहिल्या जोडीतला टूरवरचा खेळाडू आपले तिन्ही जिंकून, पायांना बर्फ बांधून बाकावर बसलेला. प्रत्येक गुणाला उठून ओरडत होता, बाजू बदलताना पाण्याच्या बाटल्या भरून आणत होता. पट्टेवाल्याने तिसऱ्या सेटमध्ये रिटर्नला लॉब (डोक्यावरून उंच चेंडू) मारायचा सपाटा लावला. समोरचे दोघे तरुण आणि उंच, पण सकाळी पाऊस झालेला, गवत ओलसर. मागे वळून पळताना दोनदा घसरले आणि त्यानंतर नेटजवळ यायलाच बिचकायला लागले. हे टूरच्या प्रक्षेपणात बघायला मिळत नाही.

---

मंद्या_पुणेकर

लेख आवडला, पण एक शंका. ज्यांचं पोटच टेनिसवर आहे त्यांनी काउंटीच्या स्पर्धेत कशाला यावं? आमच्याकडे गल्लीच्या क्रिकेटमध्ये रणजीचा बोलर आणला की भांडणं होतात. क्लबात खेळून घाम गाळणाऱ्या माणसाची जागा गेली ना?

---

गवतावरचा

@मंद्या, भाडोत्री आणायची सोय इथे नाही. काउंटीशी खरा संबंध लागतो, जन्माचा, राहण्याचा असा काहीतरी. हवा तो खेळाडू पैसे मोजून उतरवता येत नाही. बहुतेक जण बारा-चौदा वर्षांचे असल्यापासून त्याच काउंटीच्या मुलांच्या संघातून खेळत आलेले असतात, तोच कॅप्टन त्यांना शाळेच्या वयापासून ओळखत असतो.

जागेचं म्हणाल तर सात गट कशासाठी आहेत? पहिल्या गटात व्यावसायिकांची गर्दी, आणि जसजसे खाली जाल तसतशी ती विरळ होत जाते. खालच्या गटांत निव्वळ क्लबवाले जिवाच्या आकांताने खेळतात आणि त्यांना कोणाचंही भय नसतं.

---

नेटकॉर्ड

नावं सांगा की राव. कोण कोण खेळलंय? जोकोविचचा कोणी पराभूत प्रतिस्पर्धी वगैरे?

---

गवतावरचा

नावं शोधत आलात तर पहिल्याच दिवशी परत जाल. 'चेंडू कोणाचा' यापेक्षा 'चेंडू कुठे पडला' यात रस असेल तर थांबाल. पहिल्या गटाचा कणा म्हणजे ज्यांची नावं फक्त ड्रॉ वाचणाऱ्यांना माहीत असतात असे लोक.

त्यांचं अर्थकारणही बघा. 15 हजार डॉलरच्या आयटीएफ स्पर्धेत, म्हणजे व्यावसायिक टेनिसच्या सगळ्यात खालच्या पायरीवर, एकेरी जिंकणाऱ्याला साधारण दोन हजार डॉलर मिळतात. पहिल्या फेरीत हरलात तर दीडशेच्या आसपास. विमान, हॉटेल, रॅकेटच्या तारा सगळं स्वतःच्या खिशातून. वर्षभर अनोळखी गावांत एकटं जेवायचं, हरलं की सामान बांधून पुढच्या गावी. त्या माणसाला एक आठवडा असा मिळतो की तो हरला तरी आठ-दहा जण पाठीवर थाप मारतात, आणि संध्याकाळी एका टेबलाशी जेवायला असतात. ते का येतात हे मला तरी यातच दिसतं. पैशाचं नुकसान होत असेल, पण एका आठवड्याचंच.

---

जुना खेळिया

धागाकर्त्याने 1895 म्हटलंय म्हणून इतिहासाची थोडी भर घालतो. या स्पर्धेत 'व्यावसायिक' खेळताहेत हे वाक्यच 1968 च्या आधी अशक्य होतं. तोवर टेनिस हौशींचं होतं. म्हणजे कागदोपत्री. पैसे घेणारा माणूस विम्बल्डनच्या दारातही उभा राहू शकत नसे. फ्रेड पेरीने 1934, 35, 36 अशी लागोपाठ तीन विम्बल्डन जिंकली आणि 1936 च्या शेवटी व्यावसायिक झाला. झाल्याबरोबर विम्बल्डन भरवणाऱ्या ऑल इंग्लंड क्लबने त्याचं मानद सदस्यत्व काढून घेतलं. ज्याचा पुतळा आज त्याच आवारात उभा आहे, त्याचं!

याहून मासलेवाईक गोष्ट कोचांची. त्या नियमात शिकवून पैसे घेणाराही व्यावसायिकच. डॅन मॅस्केल ऑल इंग्लंड क्लबचा कोच, ब्रिटनच्या व्यावसायिक खेळाडूंची स्पर्धा सोळा वेळा जिंकलेला, पण विम्बल्डनमध्ये खेळायला बंदी. पुढे बीबीसीवर समालोचन करून तो घराघरात पोचला, खेळून नाही. म्हणजे वर ज्या गुडघ्याला पट्टा बांधलेल्याचं वर्णन केलंय, तो कोच असता तर 1967 साली त्याला कोर्टाबाहेर बसवलं असतं. आणि घरचं बरं असलेला, कधी कोणाला पैसे घेऊन न शिकवलेला बॅरिस्टर मात्र मजेत खेळला असता.

एप्रिल 1968 मध्ये बोर्नमथला पहिली खुली, म्हणजे हौशी आणि व्यावसायिक दोघांनाही मोकळी, स्पर्धा झाली. तिथे मार्क कॉक्स या हौशी इंग्लिश खेळाडूने पांचो गोन्झालेसला हरवलं. खुल्या जमान्यातला हौशीने व्यावसायिकावर मिळवलेला हा पहिला विजय. गोन्झालेस तेव्हा चाळिशीला टेकला होता हेही सांगायला हवं, नाहीतर कॉक्सचं फार कौतुक होईल.

तेव्हा मंद्या, व्यावसायिकांना बाहेर ठेवा म्हणताना जरा जपून. कोण 'शुद्ध' ते ठरवायला बसलं की पहिला बळी गरीब कोचाचाच जातो.

---

मंद्या_पुणेकर

@जुना खेळिया, मान्य. कोच खेळू देत. पण रँकिंगवाल्याने आपल्या दर्जाच्या स्पर्धेत खेळावं हे माझं मत कायम आहे. मी हट्टी आहे हे सौ. पण सांगते.

---

अदिती_हॅरो

छान चाललाय धागा. भूगोलाची एक मजा. मी हॅरोला राहते, इथे मराठी माणसं भरपूर, लंडनचं महाराष्ट्र मंडळ डॉलिस हिलला, तेही लांब नाही. हा सगळा भाग जुन्या मिडलसेक्सचा. मिडलसेक्स ही काउंटी प्रशासनाने 1965 सालीच मोडीत काढली. पण क्रिकेटमध्ये ती जिवंत आहे आणि टेनिसमध्येही. एव्हनचं तेच. 1974 ला कागदावर जन्मलेली, 1996 ला पुसलेली काउंटी, टेनिसवाल्यांनी मात्र सोडली नाही. हेरफर्ड आणि वूस्टर सरकारने 1998 मध्ये वेगळे केले, टेनिसमध्ये अजून एकत्र नांदताहेत. सरकार रेघा बदलत राहतं, हे लोक जुन्याच नकाशावर खेळतात.

आमच्या क्लबातली एक मुलगी खालच्या एका गटात खेळून आली. तिचं म्हणणं, आवाज हा अर्धा खेळ आहे. काउंटीच्या रंगाचे ट्रॅकसूट, शेजारच्या कोर्टावरून आरोळ्या. चेअर अंपायर नाही, आपल्या बाजूच्या रेषा आपणच पुकारायच्या. वाद झाला तर फिरत्या पंचाला हाका मारायच्या. पहिल्या दिवशी तिला शिष्टाचार सुटल्यासारखं वाटलं, तिसऱ्या दिवशी तिचाच घसा बसला होता.

आता मुद्द्याचं. दुहेरीत ब्रिटिश आजकाल एवढे पुढे का, याचं उत्तर काउंटी वीकमध्ये आहे असं कोणी म्हणेल. 2012 ला जॉनी मॅरे वाइल्डकार्डवर विम्बल्डन दुहेरी जिंकला. 2023 ला नील स्कुप्स्की, 2024 ला हेन्री पॅटन, 2025 ला ज्युलियन कॅश आणि लॉइड ग्लासपूल. पहिल्या तिघांचे जोडीदार परदेशी होते. शेवटची जोडी मात्र अख्खी ब्रिटिश, आणि अशी जोडी जिंकायला 1936 पासून वाट बघावी लागली होती. तेव्हाचे ह्यूज आणि टकी. जो सॅलिसबरीने राजीव रामबरोबर यूएस ओपन सलग तीनदा नेलं ते वेगळंच. शंभर वर्षांहून जास्त काळ ज्या देशात आठवडाभर नुसती दुहेरी खेळायची परंपरा आहे, तिथे दुहेरीवाले निपजणारच ना?

---

नेटकॉर्ड

@अदिती, हा युक्तिवाद ऐकायला गोड आहे, पण परंपरा शंभर वर्षांची आणि फळ शेवटच्या दहा-पंधरा वर्षांत कसं? पॅटन अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनाच्या अ‍ॅशव्हिलला शिकला, कॅश मिसिसिपी स्टेट आणि मग ओक्लाहोमा स्टेट, ग्लासपूल टेक्ससला, सॅलिसबरी मेम्फिसला, स्कुप्स्की लुईझियाना स्टेटला. ही सगळी अमेरिकन कॉलेज टेनिसची पोरं. तिथे दुहेरीचा गुण आधी खेळतात, संघाच्या गोंगाटात खेळतात, आणि चार वर्षं कोच, फिजिओ, कोर्ट फुकट. श्रेय तिकडे द्या.

---

अदिती_हॅरो

अठरा वर्षांचा झाल्यावर कॉलेजला गेला ना? दुहेरी खेळायची गोडी घेऊन गेला ती कुठून? स्पेनच्या, फ्रान्सच्या पोरांनाही अमेरिकेची दारं उघडीच आहेत की.

---

गवतावरचा

मला दोघांचंही अर्धं पटतं. कॉलेजने त्यांना खेळाडू केलं यात वाद नाही. पण कॉलेजची सवय आणि काउंटी वीकची सवय एकाच जातीची आहे. शेजारच्या कोर्टावर काय चाललंय याचा हिशेब डोक्यात ठेवून आपला गुण खेळायचा. टूरवरच्या माणसावर संघासाठी खेळायची वेळ देशादेशांच्या डेव्हिस कपसारख्या एखाद्या प्रसंगीच येते, तीही मोजक्यांवर. कॉलेजातून परतलेल्या मुलाला टूरपेक्षा ईस्टबोर्नच जास्त घरचं वाटत असेल तर नवल नाही.

---

राईनकाठचा

जर्मनीतून लिहितोय. आमच्याकडे बुंडेसलीगा टेनिसमध्येही आहे, आणि नेमकी याच दिवसांत, जुलै-ऑगस्टला. पुरुषांच्या वरच्या लीगमध्ये दहा क्लब, चार एकेरी आणि दोन दुहेरी, लाल मातीवर. मानहाइमचा ग्रून-वाइस क्लब तर विजेतेपदं गोळा करून दमत नाही. फरक एवढाच की इथे पैसा आहे. क्लब खेळाडूंना मानधन देतात, क्रमवारीतले पहिल्या शंभरातलेही येतात, स्पॅनिश, अर्जेंटिनियन, इटालियन. गावातले लोक बिअरचा ग्लास घेऊन कोर्टाला खेटून बसतात.

म्हणजे जुलैच्या त्या आठवड्यात इंग्लंडच्या चारशेव्या क्रमांकाच्या खेळाडूसमोर सरळ निवड आहे. जर्मनीत येऊन महिन्याचा खर्च काढायचा, की ईस्टबोर्नला फुकट खेळायचं. मी असतो तर तिकीट काढून इकडे आलो असतो. उगाच भावनेच्या भरात जाऊ नका मंडळी. जे येतात त्यांतले काही जण तरी असे असणार की ज्यांना त्या आठवड्यात दुसरं बोलावणंच नसतं.

---

गवतावरचा

@राईनकाठचा, मुद्दा बिनतोड आहे. म्हणूनच कॅप्टनला शेवटच्या क्षणापर्यंत सहा नावं पक्की करता येत नाहीत. एखाद्याचा चॅलेंजरच्या (टूरच्या दुय्यम पातळीवरच्या स्पर्धेच्या) मुख्य ड्रॉमध्ये नंबर लागला की तो रविवारी रात्री फोन करून दिलगिरी व्यक्त करतो, आणि राखीव असलेला कोच सोमवारी सकाळी डिकीत पिशवी टाकून निघतो. त्यातूनच तिसरी जोडी घडते. जर्मनीत मानधन असल्यामुळे संघ तगडा, आणि दरवर्षी नवा. इथे संघ ढिला, पण तीच तीच माणसं दहा-दहा वर्षं. मला बघायला हा आवडतो, एवढंच. आवडीला पुरावा मागू नका.

---

बार्शीकर

आमच्या बार्शीची प्रार्थना ठोंबरे. 2014 च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत सानियाबरोबर दुहेरीचं कांस्य, 2016 ला रिओ ऑलिंपिकला सानियाचीच जोडीदार. तालुक्याच्या गावातून दुहेरीच्या जोरावर ऑलिंपिक! हा धागा वाचताना सारखं मनात येतंय, महाराष्ट्रात जिल्ह्याजिल्ह्यांत असं का नाही? सोलापूर वि. कोल्हापूर, तीन जोड्या, नऊ सामने. सोलापुरात महिलांच्या आयटीएफ स्पर्धा होतात, कोर्टं आहेत, प्रेक्षक आहेत. गवत नसेना का.

---

टिळक रोड

बार्शीकर, कल्पना झकास. पण धागाकर्त्याचंच गणित लावून बघा. सोलापूरची पहिली जोडी भारी निघेल, कोल्हापूरची निघेल, नाशिकची निघेल. तिसरी जोडी कुठून आणणार? आपल्याकडे सतरा-अठराव्या वर्षी बारावी, सीईटी, इंजिनिअरिंग आलं की रॅकेट माळ्यावर जाते. ती उतरते एकदम पस्तिशीत, डॉक्टरने वजन कमी करा म्हटल्यावर. वीस ते पस्तीस वयाचा चांगला, पण व्यावसायिक नसलेला खेळाडू हा प्राणी पुणे-मुंबईबाहेर किती सापडतो? इंग्लंडात सात गट भरतात ते त्याच प्राण्याच्या जिवावर.

पुण्यात क्लबांच्या लीग होतात, मी स्वतः खेळतो. डेक्कनच्या मातीवर सकाळी सहाला आलात तर पन्नाशीच्या आत-बाहेरचे असे चार तरी दाखवतो की ज्यांची स्लाइस अजून उचलता येत नाही. पण त्यांचा जिल्हा म्हणून संघ नाही, वयोगट म्हणून आहे. तिथेच सगळं अडतं. टूरवरचा मुलगा आणि बँकेतला काका एका जोडीत, हे आपल्याकडे प्रदर्शनी सामन्यात होतं, स्पर्धेत नाही.

---

बार्शीकर

@टिळक रोड, तिसऱ्या जोडीला मी आहे ना! (बॅकहँड सोडून.)

---

नेटकॉर्ड

गंमत सोडा, मला एक डावपेचाचं सांगा. समजा काउंटीकडे दोन व्यावसायिक आहेत आणि चार बरे क्लबवाले. दोघांना एकत्र ठेवायचं की फोडायचं?

---

गवतावरचा

हा प्रश्न ईस्टबोर्नच्या पबमध्ये विचारलात तर रात्र सरेल.

एकत्र ठेवलंत तर तीन रबर जवळजवळ खिशात. पण मग उरलेल्या दोन जोड्यांनी सहापैकी दोन आणायचे, आणि त्या दोन्ही जोड्या यथातथाच. समोरच्या पहिल्या जोडीपुढे त्यांचं काही चालणार नाही, म्हणजे चारच संधी उरल्या. फोडलंत तर दोन मध्यम-भारी जोड्या तयार होतात. दोघींनी प्रत्येकी दोन आणले की चार. तिसऱ्या जोडीने एकच काढायचा. हिशेबाला हे बरं दिसतं.

मग अडतं कुठे? दुहेरीत मारा कमजोर खेळाडूवर होतो. व्यावसायिकाला चेंडूच देत नाहीत. सगळी रिटर्न क्लबवाल्याच्या पायाशी, सगळे लॉब त्याच्या डोक्यावरून. टूरवरचा माणूस नेटजवळ नुसता इकडून तिकडे नाचत राहतो. त्याने जोडीदाराचे चेंडू पळवायला सुरुवात केली की मागे अर्धं कोर्ट उघडं पडतं. क्लबवाला बिचारा आधीच दडपणाखाली, त्यात शेजारी एवढा मोठा खेळाडू, मग प्रत्येक चुकीनंतर 'सॉरी, सॉरी'. मी असे सेट बघितलेत की ज्यात व्यावसायिकाने स्वतःची सर्व्हिस एकदाही गमावली नाही आणि जोडी 6-4 ने हरली. दुसऱ्याची दोनदा गेली, समोरच्यांची एकदाच मोडता आली, संपलं.

फोडायचं तर क्लबवाला असा हवा की ज्याची रिटर्न पायाशी पडते आणि ज्याला लाज वाटत नाही. सर्व्ह साधारण चालते, कारण व्यावसायिक नेटवर उभा असेल तर समोरच्याला रिटर्न चोरूनच मारावी लागते. माझं मत, पहिल्या गटात एकत्रच ठेवावं. खालच्या गटांत फोडावं, कारण तिथे समोरच्यांचाही मारा तितका नेमका नसतो.

आणखी एक. टाय हरत असलात तरी शेवटचे रबर सोडून द्यायचे नसतात. दोन काउंट्यांचे विजय सारखे झाले की जिंकलेले रबर मोजतात. 6-3 ने हरणं आणि 8-1 ने हरणं यात शुक्रवारी गट बदलू शकतो.

---

जुना खेळिया

एकत्रच. फोडण्याच्या बाजूने बोलणारा माणूस बहुधा स्वतः क्लबवाला असतो आणि त्याला व्यावसायिकाबरोबर खेळायची हौस असते.

---

टिळक रोड

@जुना खेळिया, पकडलंत मला.

---

मंद्या_पुणेकर

आता कळलं. म्हणजे व्यावसायिकाला आणला तरी समोरचे त्याला चेंडूच देत नाहीत. मग माझी तक्रार अर्धी मागे. ऑगस्टच्या सुट्टीऐवजी जुलैमध्ये मेव्हण्याकडे क्रॉयडनला येतोय. बघायला कसं जायचं, तिकीट किती, आणि कुठला दिवस?

---

गवतावरचा

तिकीट-बिकीट काही नाही, सरळ आत. लंडन व्हिक्टोरियाहून ईस्टबोर्नची गाडी धरा, दीड तास. मेव्हण्याकडून येत असाल तर ईस्ट क्रॉयडनलाच चढा, तीच गाडी तिथे थांबते. स्टेशनपासून समुद्राच्या दिशेने चालत राहा, काँग्रेस थिएटर दिसलं की पार्क त्याला लागूनच.

एकच दिवस असेल तर शुक्रवार. कोण वर कोण खाली हे तेव्हाच ठरतं. सोमवार टाळा, सगळे ताजेतवाने असतात आणि पहिल्या जोड्या सरसकट जिंकतात. पाऊस आला तर गवतावरचा खेळ थांबतो आणि मंडळी बंदिस्त कोर्टांकडे पळतात, तेव्हा सकाळी निघण्याआधी हवामान बघा. खुर्ची-बिर्ची आणू नका, बाक असतात. आणि येण्याआधी इथे टाका, मी शुक्रवारी तिथे असतोच. तिसऱ्या जोडीच्या कोर्टापाशी.

---

मंद्या_पुणेकर

टाकतो. मेव्हण्यालाही आणतो, तो तुमच्यापेक्षा जास्त वाद घालतो.